काठावरचं माणूस

पाहुण्यांच्या कमरेला टोपल्या बांधायचं काम थोरलीकडे होतं. ते तिला कुणी मुद्दाम दिलेलं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला घरातली उरलीसुरली कामं आपोआप येतात, तसं तेही आलं होतं. कॉफीचा मळा बघायला आलेली माणसं पोटं आत ओढून तिच्यासमोर उभी राहत, टोपलीसकट फोटो काढून घेत, आणि मग झाडांत शिरून नेमकी कच्ची हिरवी फळं ओरबाडत. "लाल तेवढीच तोडा," असं धाकटा दर खेपेला घसा फोडून सांगायचा आणि दर खेपेला टोपलीत निम्मं हिरवं यायचं. ते मागाहून निवडून फेकून देणं हेही थोरलीचंच काम.

धाकटा म्हणजे तिचा दीर. मळ्याची ही सहल त्याच्याच डोक्यातून निघालेली. पाहुण्यांनी फळं तोडायची, साल काढायच्या यंत्राचं चाक फिरवायचं, खळ्यावर वाळत घातलेल्या बिया पायानं चाळवायच्या, भट्टीपाशी उभं राहून भाजत्या बियांचा वास घ्यायचा आणि शेवटी हातात कप घेऊन या घराण्याची गोष्ट ऐकायची. कॉफीपेक्षा गोष्ट जास्त खपते असं तो म्हणायचा. ते खोटंही नव्हतं, कारण बोलण्यात त्याचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. त्याचा थोरला भाऊ तर आठवड्यात बोलायचा तेवढं हा एका जेवणात बोलून मोकळा व्हायचा.

आज घराची जरा जास्तच धांदल होती. पाहुण्यांबरोबर प्रवासी कंपनीच्या बाई आल्या होत्या. त्यांच्या मनास आलं तर हंगामभर त्यांची बस या फाटकातून आत येणार होती. म्हणून सासऱ्यांनी, आबांनी, ठेवणीतला कोट चढवला होता, सासूबाई सकाळपासून कप पुसत होत्या आणि धाकटी जाऊ नको तेवढं हसत होती. थोरलीला फक्त एवढंच सांगितलं होतं, की मागे उभी राहा आणि चेहरा जरा बरा ठेव.

फळं तोडून झाली, चाक फिरवून झालं, आणि मंडळी टाकीघरात आली.

टाकीघर म्हणजे या मळ्याचं पोट. साल काढलेल्या बियांवर एक बुळबुळीत थर उरतो. तो सुटा व्हायला बिया टाकीत आंबवाव्या लागतात आणि मग पाणी सोडून, दाताळ्यानं घुसळून धुवाव्या लागतात. इथं थंडी फार, म्हणून आबांच्या आजोबांनी टाक्या जमिनीत खोल घेतल्या, वर दगडी छत घातलं आणि आत उतरायला एक माणूस जेमतेम मावेल एवढंच तोंड ठेवलं. बी उत्तम आंबतं, पण आंबताना जी वाफ धरते ती जीवघेणी असते. तिला ना रंग, ना वास. म्हणून त्या आजोबांनीच शिस्त घालून दिली होती. टाकीत एकटं उतरायचं नाही. एक आत, एक काठावर. काठावरच्यानं हाक मारत राहायची, "आहेस का?" आतल्यानं उत्तर द्यायचं, "आहे." उत्तर आलं नाही तर घंटा बडवायची. आणि काठावर माणूस घरचंच हवं, मजूर नको; जीव ज्याच्या भरवशावर सोडायचा तो रक्ताचा असावा, असं म्हणे आजोबांचं म्हणणं होतं. हे सगळं धाकट्यानं पाहुण्यांना रंगवून सांगितलं.

दोन टाक्यांपैकी डावीकडची आता कोरडी होती. मागच्या हंगामात थोरला तिच्यात गेला, तेव्हापासून तिच्यात बी भरलं नव्हतं. पाहुण्यांना दाखवायची टाकी तीच.

"माझा दादा," धाकट्यानं आवाज खाली आणला, "मळ्यातला सगळ्यात कसलेला माणूस. पण हट्टी. त्या दिवशी घरात काही कुरबूर झाली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. कुणाला हाक न मारता एकटाच उतरला. मी फाटकावर, आबा खळ्यावर. चार पिढ्यांची शिस्त त्यानं एकदाच मोडली."

थोरली मागे भिंतीशी उभी होती. ही गोष्ट तिनं इतक्या वेळा ऐकली होती, की कुठल्या शब्दावर धाकटा थांबणार आणि कुठे सुस्कारा टाकणार हे तिला पाठ होतं. 'कुरबूर' हा शब्द तिच्यासाठी होता. आजारी आईजवळ माहेरी राहिली होती ती तेव्हा. हंगाम तोंडावर आलाय, ये म्हणून नवऱ्याचे सारखे फोन, आणि त्या सकाळी ती फोनवर तडकली होती, "मला आता फोनच करू नका." त्यानं केला नाही. दुपारी केला तो आबांनी. तेव्हापासून वर्षभर ती एकच गोष्ट मनाशी उगाळत होती. आपण असं बोललो नसतो तर तो रागात उतरला नसता. सासूबाईंनी तर ते तोंडावर ऐकवलंही होतं, एकदा नाही, पुष्कळदा.

प्रवासी कंपनीच्या बाईंनी डोळे टिपले. ते पाहून धाकट्याला चेव आला. त्यानं भिंतीला टेकवलेलं लांब दांड्याचं लाकडी दाताळं उचललं. "हेच ते दाताळं. दादाला बाहेर काढलं तेव्हा त्यानं ते दोन्ही हातांनी असं छातीशी धरलं होतं. मरतानाही हातातलं काम सोडलं नाही त्यानं."

ही ओळ नवी होती.

मग करून बघायची वेळ आली. पाहुण्यांपैकी एका गोलमटोल गृहस्थांना आत उतरायची हौस. ते दाताळं बगलेत मारून तोंडाशी गेले, भिंतीतल्या लोखंडी पायरीवर एक पाय ठेवला आणि अडकले. दांडा आडवा, माणूस उभा, हात दोनच. मंडळी हसली.

"तसं नाही जमायचं, काका," धाकटाही हसला. "पायऱ्यांना दोन्ही हात लागतात. आधी तुम्ही उतरा. मग काठावरचा माणूस दाताळं उभं धरून हातोहात खाली देतो."

"वरून टाकून दिलं तर?" गृहस्थांनी विचारलं.

"खाली दगडी फरशी आहे. टाकलं की दात मोडलेच."

गृहस्थांच्या बायको शिवणाचे क्लास घ्यायच्या. कुठल्या कापडाला कुठे टाका चुकलाय हे बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी अगदी सरळपणानं विचारलं, "पण मग तुमच्या दादांना ते कोणी दिलं हो? ते तर एकटे होते ना?"

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. आजवर त्याला शब्द अडलेला कुणी पाहिला नव्हता. "टाकलं... टाकलं असेल त्यानं," तो कसाबसा म्हणाला, "घाईत."

थोरलीनं दाताळ्याकडे पाहिलं. त्याचे सगळे दात जागच्या जागी होते. जुने, काळे पडलेले, एकही नवा बसवलेला नाही. मग तिनं आबांकडे पाहिलं. आबा कोटाची गुंडी उगाचच लावत-काढत होते. खोटं रंगवता रंगवता धाकट्याच्या तोंडून खरं निसटलं होतं, आणि काठावर घरचंच माणूस लागतं हे त्यानंच मघाशी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. आबा खळ्यावर होते, हे शंभर मजुरांनी पाहिलेलं. मग राहिलं कोण?

धाकटीनं टाळ्या वाजवून "चला, कॉफी तयार आहे," म्हटलं आणि मंडळी बाहेर गेली.

बस गेली. जाताना प्रवासी कंपनीच्या बाई धाकट्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "गोष्ट फार काळजाला भिडते हो. आमचं नक्की समजा." एरवी एवढ्या बातमीवर घर डोक्यावर घेतलं असतं त्यानं. आज तो जेवणघरातल्या खुर्चीवर मुकाट येऊन बसला.

थोरली दाताळं घेऊनच आत आली. तिनं ते टेबलावर, उष्ट्या कपांच्या मधोमध आडवं ठेवलं.

"भाऊजी, हे खाली कोणी दिलं?"

"वहिनी, तो बोलायचा एक भाग असतो. लोकांना जरा..."

"त्यांच्या हातात होतं की नव्हतं?"

धाकट्यानं आबांकडे पाहिलं. लहानपणी खिडकीची काच फोडून तो असाच बापाकडे बघत असणार.

"त्याला काय विचारतेस?" आबा म्हणाले. "मला विचार. मी सांगितलं त्याला."

"काय सांगितलंत?"

"की तू काठावर नव्हतास. सकाळपासून फाटकावर होतास." आबांचा आवाज कोरडा होता. "एक मुलगा टाकीतून काढून खळ्यावर ठेवला होता. दुसरा समोर थरथरत उभा. लोक विचारणार, काठावर कोण होतं? जन्मभर बोट दाखवणार त्याच्याकडे. एक तर गेलाच होता. दुसऱ्याला लोकांच्या तोंडी कसा देऊ?"

"म्हणून मला दिलंत."

आबांनी समोरचा उष्टा कप बाजूला सरकवला.

"मी विचारत होते तुम्हाला, आबा. पाय धरून विचारत होते, की ते रागात होते का. तुम्ही म्हणालात, आता ते काढून काय उपयोग. मला वाटलं, माझी दया करताय."

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातातलं फडकं तसंच हातात. "मलाही नाही सांगितलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वर्षभर मी हिला नाही नाही ते बोलले. तुमच्यासमोर बोलले. तुम्ही ऐकत बसलात?"

क्षणभर थोरलीला वाटलं, या आता आपल्याजवळ येतील. नुसता खांद्यावर हात ठेवला असता तरी तिला पुरलं असतं. सासूबाई आल्याही पुढे. पण त्या तिच्या बाजूनं निघून चुलीपाशी गेल्या, ताट वाढलं आणि धाकट्यापुढे आणून ठेवलं.

"सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या," कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या. "जे झालं ते घरात राहू दे. एकच राहिलाय आता."

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. या दोघी जावांचं कधी फारसं पटलं नव्हतं. कपाटातल्या चादरींपासून मळ्याच्या वाट्यापर्यंत धाकटीनं कायम आपल्या नवऱ्याची री ओढलेली. आता ती भिंतीला टेकून उभी होती, आणि मघाचं हसू चेहऱ्यावरून पार पुसलं गेलं होतं.

"म्हणजे कुणी सांगितलं नाही मला. पण हे झोपेत हाका मारतात. 'आहेस का, आहेस का,' करत उठून बसतात. जो माणूस फाटकावर होता तो असं कशाला म्हणेल? मी विचारलं तर अंगावर आले. मग मीही गप्प बसले. मला सोयीचंच होतं ते."

"तू मध्ये बोलू नकोस," धाकटा पुटपुटला.

"तुम्ही रोज पन्नास माणसांसमोर बोलता. मी घरात एकदा बोलले तर काय झालं?" ती थोरलीकडे वळली. "ताई, मी तुमच्याकडून आहे. आता त्याचा काही उपयोग नाही, ते मला कळतं."

उपयोग नव्हताच. पण या घरात असं वाक्य थोरलीच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं, आणि ते या तोंडून यावं याचं तिला हसूही आलं आणि रडूही.

एवढ्यात मुकादमानं दाराशी खाकरून आपण आल्याचं कळवलं. त्यानं सगळं ऐकलं असावं, कारण त्याची नजर जमिनीवरून हलत नव्हती. "आबा, उजवी टाकी झालीय. आता धुतली नाही तर बी आंबट होईल. काठावर कोण येतंय?"

घर जळत असलं तरी बी थांबत नाही. वर्षाची अर्धी तोडणी त्या टाकीत होती. धाकटा ताटाला हात न लावता उठला. आत उतरायचं काम दादा गेल्यापासून त्याचंच होतं आणि काठावर आबा राहायचे. आबा टेबलाला धरून उठायला गेले आणि परत खाली बसले.

"मी राहते," थोरली म्हणाली.

सासूबाईंनी झटकन धाकट्याचं मनगट धरलं. "नको. हिला नको."

त्या पाच बोटांकडे थोरली बघत राहिली. वर्षभर ऐकलेल्या सगळ्या बोलण्यांनी जेवढं लागलं नव्हतं तेवढं तिला ते मनगट धरणं लागलं. ज्यानं काठ सोडला त्याच्यावर भरवसा होता या बाईचा. तिच्यावर नव्हता.

धाकट्यानं हलकेच आईचा हात सोडवला. "येऊ दे," म्हणाला.

टाकीघरात दोघंच होते. मुकादम बाहेर पाण्याच्या तोटीपाशी. झाकण पहाटेपासून उघडं होतं. धाकट्यानं पेटता कंदील दोरीनं आत सोडून पाहिला, तो विझला नाही, तेव्हा वर ओढून घेतला. मग त्यानं कमरेला जाड दोर बांधला. हा दोर दादा गेल्यावर आला; आधी नुसत्या हाकेवर भागत होतं. दोराचं दुसरं टोक त्यानं थोरलीच्या हातात दिलं. देताना त्याची बोटं गार होती.

"वहिनी..."

"उतरा."

तो उतरला. तिनं दाताळं उभं धरून खाली सोडलं. खालून ते धरलं गेलं, तो हिसका तिच्या हाताला जाणवला. असाच हिसका त्या दिवशी धाकट्याच्या हाताला जाणवला असणार. पाणी सुटलं, दाताळं फिरू लागलं.

"आहात का?"

"आहे."

टाकीघराचं दार चारच पावलांवर होतं. दोर खाली ठेवायचा आणि बाहेर जाऊन उभं राहायचं, बस्स. फाटकापर्यंत जायचीही गरज नाही. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला म्हणून तिला काही भीती वाटली नाही. तिनं तो नीट पाहून घेतला.

"बोला आता," ती म्हणाली. "मला तुमचं तोंड दिसत नाही, तुम्हाला माझं. काय झालं ते सांगा. कंपनीच्या बाईंना सांगता तसं नको."

दाताळं थांबलं. मग परत फिरू लागलं. खालून येणारा आवाज दगडात घुमून पोकळ झाला होता.

"पाहुणे आले होते. पहिलेच. फाटकावर हॉर्न वाजत होता. दादाच म्हणाला, जा, तुझी माणसं आलीत. मी म्हटलं, काठ कसा सोडू? तर म्हणाला, अरे, दोन मिनिटांचं काम, मला काय होतंय. मी गेलो. त्यांना फोटो काढायचे होते. मी... मी उभा राहिलो त्यांच्यात. दोन मिनिटं नव्हती ती, वहिनी. परत येऊन हाक मारली, तर..."

"आहात का?"

"आहे."

तिला आणखी एकच विचारायचं होतं. वर्षभर हाच प्रश्न घेऊन ती झोपली आणि हाच घेऊन उठली. आता तो ओठांवर आला. तिनं दोर हाताभोवती एक वेढा जास्त घेतला.

"ते चिडलेले होते का?"

"दादा?" धाकट्याच्या आवाजात खरोखरच नवल होतं. "छे. शीळ घालत होता. तुमचा फोन झाला ते सांगितलं त्यानं मला. म्हणाला, आई आजारी आहे तिची, म्हणून चिरडीला आली. तिचा राग दोन दिवस टिकत नाही. परवा मीच जातो घ्यायला, टाकी धुवून झाली की."

दाताळं फिरत होतं. पाणी दगडावर आपटत होतं. थोरली काठावर खाली बसली. दोर तिनं सोडला नाही, पण तिला दुसरं काही ऐकू येईनासं झालं.

तो घ्यायला येणार होता. हे त्यानं म्हटलं होतं, कुणीतरी ऐकलं होतं, आणि ऐकणाऱ्यानं ते वर्षभर स्वतःजवळ ठेवलं होतं. कारण ते सांगायचं म्हणजे आपण तिथं होतो हे सांगणं आलं. नवरा मेला त्यात कदाचित कुणाचा दोष नसेल. हॉर्न वाजला, माणूस गेला. पण हे वाक्य तिचं होतं. ते एक वाक्य उशाशी घेऊन ती हे वर्ष काढू शकली असती.

"एवढं तरी सांगायचंत," ती म्हणाली. "बाकी सगळं खोटं ठेवून एवढं तरी."

खालून उत्तर आलं नाही. दाताळ्याचा आवाजही थांबला होता. दोर सैल पडला.

रडत असेल, असं तिला वाटलं. नसेलही. तोंडातून आत पाहिलं तर नुसता अंधार आणि आंबलेल्या बियांचा उग्र दर्प. दार चार पावलांवर होतंच. मुकादमाला काही ऐकू गेलं नव्हतं. तिनं घंटेकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. काही क्षण ती नुसती बसून राहिली, आणि ते क्षण तिनं जाणूनबुजून घेतले. ते तिचे होते.

मग ती उठली, दोर ताणला आणि तोंडावर वाकून तिनं हाक मारली. आजवर दिराला तिनं कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"आहेस का?"

काहीच नाही.

"आहेस का रे?"

"आहे," खालून हुंदक्यात आलं. "आहे, वहिनी."

"मग काम उरक. बी आंबट होईल."

दाताळं पुन्हा फिरू लागलं. दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्याचं तिला जाणवलं; पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या आत बघत होत्या. थोरलीनं मान वळवली नाही. हातावर दोराचे वळ उमटले होते. उद्या पाहुणे येतील तेव्हा या टाकीघरात गोष्ट आपण सांगायची, हे तिचं ठरलं होतं. त्यानंतर बस आली काय अन् न आली काय.

ती हाका मारत राहिली आणि खालून उत्तरं येत राहिली. बी धुवून झालं, दाताळं वर आलं, ते तिनं घेऊन भिंतीशी ठेवलं. मग पायऱ्यांवर धाकट्याचे हात दिसले, मग ओलं डोकं. त्यानं आधारासाठी एक हात वर केला. तो तिनं धरला नाही. पण त्याचे दोन्ही पाय फरशीवर टेकेपर्यंत ती काठावरून हललीही नाही.